दुहेरी भिंतीची टाकी : खर्च कशासाठी?



कारखान्याच्या डिझेल-पेट्रोल पंपाची जमिनीखालची जुनी टाकी बदलण्याचा विषय येत्या वार्षिक सभेपुढे येत आहे. विषयपत्रिकेत 'दुहेरी भिंतीची टाकी व नळ, गळतीसूचक यंत्रणेसह' असे शब्द आहेत. ते वाचून गटागटांत एकच प्रश्न निघतो आहे : एक टाकी पुरते आहे, तर टाकीत टाकी कशाला? पैसा सभासदांच्या घामाचा आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. सभेत हात कोणाच्या बाजूने वर करावा, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. मात्र हात वर करण्यापूर्वी ही वस्तू काय आहे, कशी चालते आणि कुठे कमी पडते, हे प्रत्येकाला ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

गळती दिसत का नाही?

घरातला माठ पाझरला की खालची जमीन ओली होते आणि आपल्याला कळते. हौद गळाला तर भिंतीला ओल येते. जमिनीखाली पुरलेल्या टाकीचे तसे नाही. तिच्या चारी बाजूंना माती, वर काँक्रीट. ती गळते आहे की नाही हे पाहायला कोणी खाली उतरत नाही.

मग पंपावर रोज डीप रॉड घालून माप घेतात, ते कशाला? ते घ्यायलाच हवे. पण त्या मापाची धाव कुठवर, हे हिशेबाने पाहू. दोन मीटर व्यासाची आणि साडेसहा मीटर लांबीची आडवी टाकी धरा. तिच्यात सुमारे २० हजार लिटर तेल मावते. टाकी अर्धी भरलेली असताना तेलाचा पृष्ठभाग १३ चौरस मीटर असतो. म्हणजे डीप रॉडवरचा एक मिलिमीटर म्हणजे १३ लिटर. रॉडवरची ओल वाचताना एका मिलिमीटरचा फरक कोणाच्याही हातून होतो. त्यात उन्हाची भर पडते. दहा हजार लिटर पेट्रोल एका अंशाने तापले तर दहा-बारा लिटरने फुगते, डिझेल आठएक लिटरने.

आता गळतीचा हिशेब पाहा. सेकंदाला एक थेंब, एवढीच गळती आहे असे समजा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाच्या ८६ हजार ४०० थेंबांचे सव्वाचार लिटरच्या वर तेल होते. वर्षाला दीड हजार लिटरच्या पुढे! आणि रोजचे हे सव्वाचार लिटर डीप रॉडच्या एका मिलिमीटरात तीनदा लपतात. नोंदवही चोख असते, आकडे जुळलेले असतात, आणि टाकी मात्र गळत असते. माप घेणारा निष्काळजी असतो असे नाही. त्या मापाला एवढे बारीक दिसतच नाही.

टाकी गळायला लागते ती बहुधा गंजामुळे. आपल्या भागातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या त्या ओढाताणीत नळांचे जोड ढिले होतात. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी आतून पत्रा खाते. रोज एकाच ठिकाणी आपटणारा डीप रॉडसुद्धा वर्षानुवर्षांत तळाला खड्डा पाडतो. म्हणूनच त्या जागी जाड पत्र्याचा तुकडा बसवण्याची पद्धत आहे.

बिघडते काय?

तेलाचे पैसे जातात, हे नुकसान सगळ्यांत लहान. खरे नुकसान पाण्याचे. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा घटक असतो आणि त्याने कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. आपल्या देशात आज पेट्रोलमध्ये तो फार तर एक टक्का असू शकतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त बेंझीन चालत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्क्याने दहा मिलिलिटर, म्हणजे पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास बेंझीन येते. कागदावर गुणाकार-भागाकार केला, तर तेवढे बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. सगळेच पाण्यात उतरते असे नाही, काही उडून जाते, काही जिवाणू खातात. तरी अंदाज यायला एवढे पुरे.

त्यात आपली जमीन बेसाल्टची. काळ्या मातीच्या थराखाली मुरूम, त्याखाली भेगा पडलेला खडक. पाणी या भेगांतून वाहते आणि भेगा कुठून कुठे जातात हे वरून सांगता येत नाही. पंपाशेजारची विहीर स्वच्छ राहील आणि दोन शेते पलीकडच्या विहिरीच्या पाण्याला वास येईल, असे होऊ शकते. एकदा खडकात शिरलेले तेल बाहेर काढणे वर्षांचे काम आहे, आणि पुष्कळदा ते पुरते निघतच नाही.

दुसऱ्यांना लागलेल्या ठेचा

हा धडा अमेरिकेने महाग किंमत देऊन घेतला. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावी पेट्रोल पंप झाले आणि साध्या लोखंडी टाक्या पुरल्या गेल्या. तीसएक वर्षांनी त्या गंजून गळू लागल्या आणि विहिरींच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. १९८४ साली तिथल्या संसदेने यासाठी कायदा केला, १९८८ साली नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी वा काढून टाकण्यासाठी डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत दिली गेली. तेव्हापासून आजवर तिथे पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या. एवढे झाल्यावर २०१५ सालच्या नियमांनी ठरवले की, एप्रिल २०१६ नंतर बसवायची प्रत्येक नवी टाकी आणि तिचे नळ दुहेरीच असले पाहिजेत आणि मधल्या पोकळीवर नजर असली पाहिजे.

ही झाली तेलाची गोष्ट. आपल्या मळीची, म्हणजे मोलॅसिसची गोष्टही या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १५ जानेवारी १९१९ रोजी बॉस्टन शहरात मळीची ५० फूट उंच आणि ९० फूट व्यासाची टाकी फुटली. सुमारे २३ लाख गॅलन मळीचा लोंढा रस्त्यांवरून धावला. २१ माणसे मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. टाकीचा पत्रा हवा त्यापेक्षा पातळ होता आणि ती पाण्याने पूर्ण भरून तपासलेलीही नव्हती. पण आपल्याला विचार करायला लावील ती गोष्ट वेगळीच आहे. ही टाकी बांधल्यापासून सांध्यांतून पाझरत होती. आसपासची मुले त्या पाझराची मळी डब्यांत गोळा करून नेत. त्यावर उपाय काय केला, तर टाकीला मळीच्याच रंगाचा तपकिरी रंग दिला, म्हणजे ओघळ दिसू नयेत! दुहेरी भिंतीने हा अपघात टळला असता असे आम्ही म्हणत नाही, कारण दोष ताकदीचा होता. पण टाकी तीन वर्षे इशारा देत होती, आणि तो पुसून टाकला गेला, हे विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट अलीकडची. सप्टेंबर २०१३ मध्ये हवाई बेटांवरच्या होनोलुलू बंदरात जहाजात मळी भरण्याच्या नळातून सुमारे १,४०० टन मळी समुद्रात गेली. वापरात नाही असे समजल्या गेलेल्या नळाच्या तुकड्यातून ती गळाली. तेल पाण्यावर तरंगते, ते निदान गोळा करता येते. मळी पाण्यापेक्षा जड. ती तळाशी बसली, पाण्यातला प्राणवायू संपला आणि २६ हजारांहून जास्त मासे मेले. मळी म्हणजे गोड पदार्थ, तिने काय होणार, असे आपल्याकडे अजून कोणी म्हणत असेल, तर त्याला ही हकिकत जरूर सांगावी.

दुहेरी भिंत म्हणजे काय?

कल्पना अगदी साधी आहे. थर्मास बाटलीला जशा दोन भिंती असतात, तशी टाकीत टाकी. आतली टाकी तेल धरते. बाहेरची टाकी आतलीला सगळीकडून वेढून असते. दोहोंच्या मध्ये बारीकशी पोकळी. आतली लोखंडी आणि बाहेरचीही लोखंडी, किंवा आतली लोखंडी आणि बाहेर काचतंतूच्या फायबरचे वा प्लॅस्टिकचे कवच, किंवा दोन्ही फायबरच्या, असे प्रकार असतात. बाहेरचे कवच प्लॅस्टिकचे वा फायबरचे असले की मातीकडून गंज लागण्याचा प्रश्नच मिटतो.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळांचा समज असा की, एक भिंत गेली तर दुसरी आहेच, म्हणून टाकी दुप्पट टिकेल. तेवढ्यासाठी खर्च करायचा असता, तर एकच जाड पत्रा वापरता आला असता. दुसरी भिंत असते ती मधली पोकळी तयार करण्यासाठी. त्या पोकळीत एरवी काहीच नसते, किंवा आपण मोजून ठेवलेले तेवढेच असते. म्हणून तिच्यात थोडासा जरी बदल झाला, तरी तो ताबडतोब कळतो. वीस हजार लिटरांत चार लिटर कमी झालेले दिसत नाहीत. पण रिकाम्या पोकळीत आलेले पेलाभर तेल दिसते! यंत्रणेचे सगळे मर्म इथे आहे.

आपल्याच कारखान्यात अशी एक चौकी वर्षानुवर्षे आहे. इव्हॅपोरेटरच्या बॉडीतली नळी फुटली, तर उसाचा रस वाफेच्या पाण्यात उतरतो आणि तेच पाणी बॉयलरला गेले, तर बॉयलरचे वाटोळे होते. म्हणून प्रयोगशाळेतली मंडळी त्या पाण्याचा नमुना घेऊन अल्फा नॅप्थॉलची परीक्षा करतात. जांभळे कडे दिसले की साखर आली, पाणी वळवा! शुद्ध पाण्यात साखरेचा अंश ओळखणे सोपे जाते, रसाच्या टाकीत तेवढाच रस कमी झालेला ओळखणे अशक्य. दुहेरी टाकीच्या पोकळीचे नेमके हेच काम.

पोकळीवरचा पहारा

पहारा ठेवण्याच्या तीन मुख्य तऱ्हा आहेत.

पहिली, हवेची. पोकळीतली हवा थोडी ओढून घेऊन तिथे निर्वात ठेवतात आणि एक दाबमापक ते सतत पाहतो. आतल्या भिंतीला भोक पडले, तर तेल पोकळीत ओढले जाते. बाहेरच्या भिंतीला पडले, तर माती-पाण्याकडून हवा वा पाणी आत येते. दोन्ही वेळा निर्वात मोडतो आणि भोंगा वाजतो. काही ठिकाणी याच्या उलट, पोकळीत दाब वाढवून ठेवतात. सायकलची ट्यूब फुगवून ठेवली की तिची हवा उतरल्यावर कुठे तरी पंक्चर आहे हे कळतेच, तसे. या तऱ्हेचा मोठा गुण असा की, तेलाचा एक थेंबही मातीत जाण्याआधी इशारा मिळतो आणि भोक कोणत्याही भिंतीला, कितीही उंचीवर असो, ते कळते. युरोपच्या मानकात गळती ओळखण्याचे पाच वर्ग केले आहेत, त्यांत पहिला वर्ग हाच.

दुसरी, पाण्याची. पोकळी मिठाच्या किंवा ग्लायकॉलच्या द्रावणाने भरतात आणि वर एक छोटी कुंडी ठेवतात. कुंडीतली पातळी उतरली वा चढली की कुठली तरी भिंत गेली.

तिसरी, सेन्सरची. पोकळी कोरडी ठेवून तिच्या तळाशी सेन्सर बसवतात. साधा प्रकार तरंगत्या गोट्याचा, मोरीच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. दुसरा प्रकाशाचा : काचेच्या टोकदार मण्यात प्रकाश सोडतात. भोवती हवा असेतो तो आतल्या आत वळून परत येतो, द्रव लागला की बाहेर निसटतो आणि यंत्राला कळते. काही सेन्सर पाणी आहे की तेल आहे हेही सांगतात. ही तऱ्हा स्वस्त आणि सोपी. मात्र बाहेरची भिंत वरच्या भागात फुटली आणि पाणी आत आले नाही, तर ती गप्प बसते. सभासदांनी हा फरक लक्षात ठेवावा, कारण निविदेत दोन्हींना 'गळतीसूचक यंत्रणा' असेच म्हणतात.

नळांचे काय?

टाकीपेक्षा नळ जास्त दगा देतात, कारण जोड तिथे असतात. म्हणून नळही नळात घालतात. बाहेरच्या नळाला एका बाजूला उतार देतात. आतला नळ गळाला की तेल उताराने जाऊन एका पक्क्या चेंबरमध्ये पडते आणि तिथे सेन्सर असतो. उसाला पाणी देताना पाटाचा उतार नीट काढला नाही तर पाणी मध्येच तुंबते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नळाचेही तसेच आहे. उतार चुकला की सेन्सर कोरडा आणि तेल मधेच साठलेले.

लांब नळांसाठी तारेचा सेन्सर असतो. डेन्मार्क, स्वीडनसारख्या थंड देशांत गावाला घरे तापवण्यासाठी जमिनीखालून गरम पाणी पुरवतात. तिथले नळ आत पोलादी, मध्ये फोम आणि बाहेर प्लॅस्टिक असे असतात. फोममध्ये नळाच्या लांबीइतक्या तांब्याच्या दोन तारा कारखान्यातच घालून देतात. कोरड्या फोममधून वीज वाहत नाही, भिजला की वाहू लागते. शिवाय तारेत विजेचा ठोका सोडला, तर ओल्या जागेवरून त्याचा प्रतिध्वनी परत येतो. विहिरीत हाक मारून खोलीचा अदमास घ्यावा, तसे ठोका परत यायला किती वेळ लागला यावरून कोणत्या मीटरवर खणायचे ते कळते. साऱ्या रस्त्याची चाळण करावी लागत नाही.

पाणी आत येते ते?

गळती म्हणजे तेल बाहेर जाणे, एवढेच आपण धरून चालतो. पण पावसाळ्यात जमिनीतले पाणी टाकीभोवती चढते आणि त्याच भोकातून आत येते. आपल्या कारखान्यांना याची काळजी इतरांपेक्षा जास्त असायला हवी. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते आपल्याच उसाचे, आपल्याच आसवन्यांचे. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडे पाणी ते पोटात घेते, पण मर्यादा ओलांडली की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसते. पंपाची ओढ तळाजवळूनच असते. मग गाड्या रस्त्यात बंद पडतात आणि नाव बद्दू होते ते इथेनॉलचे, पर्यायाने उसाचे!

आणखी एक. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जमिनीत गेले, तर मातीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात. त्यात तिथला प्राणवायू संपतो आणि बेंझीन खायला उशीर होतो. परिणामी बेंझीन जास्त लांबवर पसरते. म्हणजे इथेनॉलचा वापर जसा वाढला, तसे टाकी घट्ट असण्याचे महत्त्वही वाढले आहे. इथेनॉल काही जातींचे रबर व चिकट पदार्थ मऊ करते, तेव्हा टाकी, वायसर आणि सेन्सर त्याला टिकणारेच घ्यावे लागतात.

पहारेकरी झोपला तर?

एवढे सगळे बसवले म्हणजे निर्धास्त झोपावे काय? नाही. टँकर रिकामा करताना सांडलेले तेल, काठोकाठ भरून उतू गेलेली टाकी, फुटलेला होजपाईप, यांवर दुहेरी भिंतीचा इलाज नाही. त्यासाठी तोंडाशी सांड-कुंडी आणि टाकी भरत आली की अडवणारा व्हॉल्व वेगळे लागतात.

पण मोठा धोका माणसाच्या स्वभावात आहे. पावसाळ्यात चेंबरमध्ये पाणी शिरते, सेन्सर ओला होतो, भोंगा वाजतो. दोनदा-तीनदा असे झाले की कोणी तरी वैतागून सेन्सर वर उचलून ठेवतो किंवा भोंग्याची तारच काढतो. त्या दिवसापासून दुहेरी टाकी पुन्हा एकेरी झाली. बॉस्टनच्या टाकीला रंग फासला त्यापेक्षा हे निराळे नाही. अमेरिकेच्या नियमांत म्हणूनच दर ३० दिवसांनी पाहणी, वर्षातून एकदा सेन्सरची प्रत्यक्ष चाचणी आणि दर तीन वर्षांनी चेंबर व कुंड्यांची गळती-तपासणी सक्तीची केली आहे. आपल्या देशातही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पण सूचना कागदावर असते, सेन्सर चेंबरमध्ये असतो, आणि झाकण उघडून पाहणारा माणूस आपलाच असतो.

सभेत काय विचारावे?

मत देण्यापूर्वी सभासदांनी पुढील गोष्टी विचाराव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. पोकळीवरचा पहारा कोणत्या तऱ्हेचा : निर्वाताचा, द्रावणाचा की तळाच्या सेन्सरचा? तो तेवढाच का निवडला?

२. टाकीबरोबर नळ आणि चेंबरही दुहेरी आहेत काय? एकेरी नळ जोडलेली दुहेरी टाकी म्हणजे भक्कम गोठा आणि मोडके फाटक.

३. माती लोटण्यापूर्वी टाकी व पोकळी यांची दाबाची चाचणी कोणासमोर होणार? तिचा कागद कार्यालयात पाहायला मिळेल काय?

४. भोंगा कुठे वाजणार? रात्रपाळीला तो ऐकणारा कोण आणि ऐकल्यावर पहिल्या तासात त्याने काय करायचे, हे लिहून ठेवले आहे काय?

५. वर्षाच्या चाचणीचा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात धरला आहे काय?

६. जुनी टाकी काढताना खालची माती आणि आसपासच्या विहिरींचे पाणी तपासणार काय?

शेवटचा प्रश्न विसरू नये. नवी टाकी उद्याची काळजी घेईल. कालपर्यंत जुनी टाकी काय करत होती, हे खड्डा उघडा असेल तेव्हाच पाहता येते, एकदा माती लोटली की संधी गेली. पंपाच्या उताराकडे ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांनी पाण्याला वास येत असेल वा पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल, तर सभेची वाट न पाहता ते पाणी पिणे थांबवावे आणि शेती कार्यालयात लेखी कळवावे. टाकी आपली, पंप आपला आणि विहिरीही आपल्याच आहेत.